खेळातला मनोरा आणि मालकाची खतावणी

संगणकावरच्या खेळांची दखल राजकीय कार्यकर्त्याने घ्यावी काय, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येईल. खेळ हा पोरासोरांचा, फावल्या वेळेचा विषय. त्यात अर्थकारण कसले शोधायचे, अशी एक समजूत आहे. ती किती फसवी आहे हे पाहायला मराठी घरांतून उन्हाळ्याच्या सुटीत मांडला जाणारा 'व्यापार'चा डाव पुरेसा आहे. या डावाचे मूळ अमेरिकेतील एलिझाबेथ मॅगी या बाईंच्या 'लँडलॉर्ड्स गेम' या खेळात आहे. १९०४ साली त्यांना त्याचे एकस्व मिळाले. मॅगीबाई हेन्री जॉर्ज या अर्थतज्ज्ञाच्या अनुयायी होत्या. जमीन मूठभरांच्या हाती गेली की भाडेकरू कसा नागवला जातो, हे लोकांना खेळता खेळता कळावे हा त्यांचा हेतू. पुढे १९३५ साली पार्कर ब्रदर्स या कंपनीने अवघे ५०० डॉलर देऊन बाईंचे एकस्व घेतले, आणि 'मोनॉपॉली' या नावाने जो डाव जगभर गेला त्यात दुसऱ्याला नागवणे हेच विजयाचे लक्षण ठरले. जमीनदारीचे पितळ उघडे पाडणारा खेळ जमीनदारीची शिकवणी देऊ लागला. खेळाच्या नियमांत एक अर्थशास्त्र दडलेले असते आणि ते व्याख्यानापेक्षा खोलवर रुजते, कारण खेळणारा त्याच्याशी वाद घालत नाही.

याच दृष्टीने 'न्यूज टॉवर' या खेळाकडे पाहिले पाहिजे. नेदरलंड्समधील स्पॅरो नाइट या छोट्या संस्थेने तो तयार केला असून २०२४ साली तो प्राथमिक स्वरूपात विक्रीस आला. काळ १९३० च्या दशकाचा, स्थळ न्यूयॉर्क. खेळणाऱ्याच्या हाती एक वृत्तपत्र येते आणि ते त्याने चालवून दाखवायचे असते. तारयंत्रावर बातम्यांचे धागेदोरे येतात. ते पाहून कोणत्या वार्ताहराला कुठे पाठवायचे हे ठरवायचे, त्याने आणलेला मजकूर जुळाऱ्यांकडे द्यायचा, पाने लावायची, कागद विकत घ्यायचा आणि रविवारच्या आत अंक छापून बाहेर काढायचा. शहराच्या निरनिराळ्या भागांतील वाचकांच्या आवडीनिवडी वेगळ्या. त्या सांभाळल्या की खप वाढतो, खप वाढला की तिजोरीत पैसा येतो आणि पैसा आला की इमारतीवर आणखी एक मजला चढतो. नाव मनोऱ्याचे, आणि यशाचे मोजमापही मनोऱ्याच्या उंचीनेच.

या खेळाचे एक श्रेय निःसंकोचपणे दिले पाहिजे. वृत्तपत्र हा कारखाना आहे ही गोष्ट तो लपवत नाही. चित्रपटांतून आणि पत्रकारांच्या आत्मचरित्रांतून वृत्तपत्र म्हणजे एक बाणेदार संपादक आणि त्याची लेखणी, असेच चित्र उभे राहते. जुळारी, यंत्रावरचा माणूस, गठ्ठे बांधणारा, कागदाची उधारी, वेळेवर न सुटलेला फर्मा या साऱ्याला त्या चित्रात जागा नसते. ज्याने कधी एखाद्या नियतकालिकाच्या छापखान्यात रात्र काढली आहे त्याला या खेळातील रविवारपूर्वीची धांदल अगदी ओळखीची वाटेल. बातमी हा नाशवंत माल आहे. एक दिवस उशीर झाला तर तिची किंमत शून्य होते. उत्पादनाचे हे गणित खेळाने चांगले पकडले आहे. खोल्यांतील आवाज, उष्णता आणि दुर्गंधी यांनी कामगार कंटाळतात, त्यांचे काम मंदावते, हेही त्यात आहे.

पण इथेच थोडे थांबावे लागते. कामगाराला हवेशीर खोली द्यायची ती कशासाठी? खेळात याचे उत्तर एकच आहे: त्याने भरभर खिळे जुळवावेत म्हणून. कामगाराचे समाधान हा यंत्राला घालायच्या वंगणासारखा एक खर्च आहे. तो त्याचा हक्क नव्हे. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात जे शिकवतात तेच येथे रंगीत चित्रांतून शिकवले जाते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या खेळाने वृत्तपत्राचे शत्रू कोण मानले आहेत. माफिया टोळ्या, महापौर, शहरातील धनिकवर्ग ही मंडळी संपादकीय खोलीत हस्तक्षेप करू पाहतात. अमुक बातमी छापा, तमुक दाबा, असे सुचवतात आणि त्याचा मोबदलाही देतात. खेळणाऱ्याने त्यांच्याशी कसे वागायचे हा खेळातील नैतिक पेच. वृत्तपत्रांवरील इतर खेळांचीही साधारण हीच तऱ्हा आहे. ल्यूकस पोप यांचा 'द रिपब्लिया टाइम्स' हा छोटासा खेळ २०१२ सालचा. त्यात खेळणारा सरकारी पत्राचा संपादक असतो. त्याची बायको आणि मूल सरकारच्या ताब्यात असतात, आणि लोकांची राजनिष्ठा वाढेल अशाच बातम्यांना मोठी जागा देणे त्याला भाग पडते. २०१६ सालच्या 'द वेस्टपोर्ट इंडिपेंडंट'मध्ये एक विधेयक पत्राचा गळा आवळायला टपलेले आहे. दोन्ही खेळ बुद्धिमान आहेत, आणि आणीबाणीत कोऱ्या सोडलेल्या अग्रलेखांच्या जागा ज्यांना आठवतात त्यांना ते अनोळखी वाटणार नाहीत. परंतु या तिन्ही खेळांत संकट बाहेरून येते: सरकारकडून, गुंडाकडून, धनिकाकडून. आतून येणारे संकट, म्हणजे खुद्द मालक, कुठेच दिसत नाही. 'न्यूज टॉवर'मध्ये तर तो दिसणे शक्यच नाही, कारण त्याच्याच खुर्चीवर खेळणारा बसलेला असतो.

आणि त्या खुर्चीवरून पाहताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते: पत्र बंद पडणे म्हणजे मालकाची हार. तिजोरी रिकामी झाली की डाव संपला. पत्राचे हित आणि मालकाचे हित एकच, हा या खेळाचा न बोललेला सिद्धान्त आहे. इतिहास नेमके उलटे सांगतो. पत्र मारून मालक जिंकू शकतो, आणि वारंवार जिंकलेला आहे.

त्यासाठी फार लांब जायला नको; खेळातलेच शहर आणि खेळातलाच काळ घेऊ. न्यूयॉर्कच्या पार्क रो या रस्त्यावर जोझेफ पुलित्झर यांनी 'द वर्ल्ड' या आपल्या दैनिकासाठी १८९० साली एक इमारत उभारली. सोनेरी घुमटाची ती इमारत त्या वेळी शहरातील सर्वांत उंच इमारतींपैकी होती. वृत्तपत्राचा खराखुरा मनोरा. पुलित्झर १९११ साली वारले. 'द वर्ल्ड' विकू नये, असे त्यांनी मृत्युपत्रात बजावून ठेवले होते. पुढे मंदी आली, तोटा वाढला आणि मुलांनी न्यायालयात जाऊन विक्रीची परवानगी मिळवली. पत्रातील नोकरांनी एकत्र येऊन, आपल्या पदरचे पैसे घालून ते स्वतः विकत घेण्याचा प्रयत्न केला. तो फळाला आला नाही. फेब्रुवारी १९३१ मध्ये स्क्रिप्स-हॉवर्ड या साखळीच्या रॉय हॉवर्ड यांनी पत्र घेतले आणि लगेच बंद केले. सुमारे तीन हजार माणसे रस्त्यावर आली. हॉवर्ड यांना हवे होते ते 'द वर्ल्ड'चे नाव आणि वाचक. ते त्यांनी आपल्या 'टेलिग्राम' या सायंदैनिकाला जोडले आणि 'वर्ल्ड-टेलिग्राम' जन्माला आले. हॉवर्ड यांच्या खतावणीत हा व्यवहार नफ्याचा होता. प्रतिस्पर्धी नाहीसा झाला आणि त्याचे वाचक आपसूक हाती आले. सोनेरी घुमटाची इमारत १९५५ साली ब्रुकलिन पुलाच्या रस्त्यासाठी पाडली गेली.

या प्रकरणाला एक उपकथा आहे, आणि ती या पानाच्या वाचकांना माहीत असावी अशी आहे. हेवूड ब्रून हे 'द वर्ल्ड'चे नावाजलेले स्तंभलेखक. साको आणि व्हँझेट्टी या इटालियन कामगारांना झालेल्या देहदंडाविरुद्ध त्यांनी १९२७ साली इतके कडक लिहिले की मालकांशी त्यांचे बिनसले आणि पुढच्या वर्षी त्यांना ते पत्र सोडावे लागले. तेव्हा, पुलित्झरांचे उदारमतवादी पत्रही मालकाचेच पत्र होते, हे विसरता येत नाही. १९३० साली, म्हणजे खेळातला मनोरा जेव्हा उभा राहू लागतो त्याच सुमारास, ब्रून समाजवादी पक्षाच्या तिकिटावर काँग्रेसच्या निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. तीन वर्षांनी त्यांनी 'वर्ल्ड-टेलिग्राम'मधल्याच आपल्या स्तंभातून पत्रकारांना संघटनेची हाक दिली. जुळाऱ्यांची आणि यंत्रकामगारांची संघटना केव्हाच झाली होती. त्यांना पगार बरे होते आणि कामाचे तास बांधलेले होते. वार्ताहर मात्र स्वतःला कलावंत समजत आणि त्या कलावंतपणाची किंमत मालक पगारातून कापून घेत. डिसेंबर १९३३ मध्ये न्यूजपेपर गिल्ड स्थापन झाले आणि ब्रून त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पाच दिवसांचा, चाळीस तासांचा आठवडा ही त्यांची आरंभीची मागणी. असोसिएटेड प्रेसने मॉरिस वॉटसन या पत्रकाराला संघटनेच्या कामाबद्दल काढून टाकले, तेव्हा पत्रस्वातंत्र्याच्या नावाखाली कामगार कायद्यातून सूट मागितली गेली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९३७ साली पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ती मागणी फेटाळली. पत्रस्वातंत्र्य म्हणजे मालकाला नोकर काढण्याचे स्वातंत्र्य नव्हे, इतके तरी त्यातून ठरले.

हवेशीर खोली आणि चाळीस तासांचा आठवडा यांच्यातला फरक हा असा आहे.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून शिकागोकडे वळू. 'शिकागो ट्रिब्यून'चा प्रसिद्ध मनोरा १९२५ साली पुरा झाला. २०१४ साली ट्रिब्यून कंपनीचे दोन तुकडे झाले. दूरचित्रवाणी केंद्रे आणि स्थावर मिळकत एका कंपनीकडे गेली, वृत्तपत्रे दुसरीकडे. म्हणजे ज्या पत्राने मनोरा बांधला ते एका कागदी फेरफाराने त्याच मनोऱ्यात भाडेकरू झाले. २०१६ साली मनोरा विकला गेला, २०१८ साली पत्राने जागा सोडली, आणि आता तिथे श्रीमंतांची निवासस्थाने आहेत. २०२१ च्या मे महिन्यात ट्रिब्यूनची वृत्तपत्रे अल्डेन ग्लोबल कॅपिटल या गुंतवणूक निधीने सुमारे ६३ कोटी डॉलरना घेतली. ताबा मिळताच काही दिवसांत वृत्तविभागात स्वेच्छानिवृत्तीची योजना आली.

अल्डेनची कार्यपद्धती तोवर सर्वांना ठाऊक झाली होती. 'डेन्व्हर पोस्ट' हे त्यांचेच पत्र. एप्रिल २०१८ मध्ये त्या पत्राच्या संपादकीय विभागाने स्वतःच्याच पानांवर स्वतःच्याच मालकाला गिधाड भांडवलदार म्हटले. असा प्रसंग वृत्तपत्रांच्या इतिहासात क्वचितच आला असेल. पद्धत सोपी आहे. जुने पत्र घ्यायचे. वर्गणीदार सवयीने आणखी काही वर्षे पैसे देत राहतात हे गृहीत धरायचे. माणसे कमी करायची, जागा विकायची आणि दर वर्षी निघेल तेवढी रोकड काढून घ्यायची. पत्र हळूहळू मरते, पण मरेपर्यंत नफा देते. अर्थशास्त्राच्या भाषेत याला भांडवल खाणे म्हणतात. शेतकऱ्याच्या भाषेत बियाणे खाणे. 'न्यूज टॉवर'चा खेळणारा मजल्यावर मजला चढवत असतो. प्रत्यक्षातला चतुर खेळाडू एकेक मजला उतरवून विकतो, आणि त्याचा डाव जास्त बिनधोक असतो.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. वृत्तपत्रांना मालकांनी मारले की महाजालाने? छोट्या जाहिराती, म्हणजे घर भाड्याने देणे आहे, जुनी गाडी विकणे आहे, ही स्थानिक पत्रांची दुभती गाय होती. ती आधी क्रेगलिस्टसारख्या जाहिरातस्थळांनी आणि मग गूगल-फेसबुकने नेली. प्यू संशोधन केंद्राच्या आकड्यांनुसार अमेरिकी वृत्तपत्रांचे जाहिरात-उत्पन्न २००५ साली सुमारे ४९०० कोटी डॉलर होते. २०२० साली ते हजार कोटींच्याही खाली आले. वृत्तपत्रांच्या वृत्तविभागांतील नोकऱ्या २००८ ते २०२० या काळात ७१ हजारांवरून सुमारे ३१ हजारांवर घसरल्या. इतकी पडझड एकट्या मालकांच्या लोभाने होत नाही हे कबूल केलेच पाहिजे. परंतु मंदीत दुकान चालवणे कठीण होणे वेगळे आणि दुकानाच्या तुळया काढून विकणे वेगळे. शिवाय प्रश्न याहून मुळातला आहे. बातमीचा खर्च जाहिरातदाराने भागवावा ही व्यवस्थाच योगायोगाची होती. सायकल विकू पाहणाऱ्या माणसाला नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात रस नव्हता. तो केवळ वाचक जिथे जमतात तिथे पैसे देत होता. वाचक दुसरीकडे जमू लागले, तो तिकडे गेला.

मग त्या अंदाजपत्रकाच्या बातमीची खरी किंमत किती, आणि ती कोणाच्या खतावणीत मांडायची? नोटर डेम आणि इलिनॉय विद्यापीठांतील तीन अभ्यासकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हा प्रश्न फार नामी पद्धतीने सोडवला आहे. एखाद्या परगण्यातील स्थानिक पत्र बंद पडल्यावर तेथील नगरसंस्थांना रोख्यांवर किती व्याज द्यावे लागते, हे त्यांनी तपासले. उत्तर असे आले की व्याजाचा दर शेकडा ०.०५ ते ०.११ ने वाढतो. आकडा क्षुल्लक दिसतो. पण एक कोटी डॉलरच्या कर्जावर हा दर वर्षी पाच ते अकरा हजार डॉलरचा बोजा होतो, आणि नगरसंस्थांची कर्जे अनेक कोटींची, वीस-वीस वर्षांची असतात. कर्ज देणाऱ्या सावकाराला कळते की आता नगरपालिकेच्या सभेत टिपणवही घेऊन कोणी बसत नाही. तो जोखमीची किंमत वाढवतो. ती किंमत पत्र न वाचणारा नागरिकही करातून भरतो. पत्र चालू असताना त्याच नागरिकाला तेवढा लाभ फुकट मिळत होता, आणि त्यातला एक पैसाही मालकाच्या जमेत पडत नव्हता.

लॉस एंजेलिस परगण्यातील बेल हे गरीब कष्टकऱ्यांचे गाव, वस्ती सुमारे छत्तीस हजार. २०१० साली 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने उघडकीस आणले की तेथील नगरव्यवस्थापक रॉबर्ट रिझो वर्षाला जवळजवळ आठ लाख डॉलर पगार घेत होते, आणि अर्धवेळ नगरसेवक लाखाच्या घरात. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा पगार तेव्हा चार लाख डॉलर होता. हा कारभार वर्षानुवर्षे चालला. सभेच्या खोलीत नेमाने डोकावणारे कोणी नव्हते. रिझो यांना पुढे बारा वर्षांची शिक्षा झाली. आता, त्या गावात एक छोटे साप्ताहिक असते आणि त्याचा एकुलता वार्ताहर त्या कंटाळवाण्या सभांना बसत असता, तर 'न्यूज टॉवर'च्या हिशोबात तो वार्ताहर तोट्याचाच ठरला असता. जी लूट त्याच्या नुसत्या हजेरीने टळली असती तिची बातमीच झाली नसती, आणि न झालेल्या बातमीने खप वाढत नाही.

२००५ ते २०२४ या काळात अमेरिकेत तीन हजारांहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली, असे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या पाहणीत आढळले. त्यांतील बहुसंख्य अशी छोटी साप्ताहिकेच होती.

वेगळ्या नियमांनी हा डाव मांडण्याचे प्रयत्न झालेले आहेत. त्यात न्यूयॉर्कच्याच 'पीएम'चे उदाहरण सर्वांत मनोवेधक. राल्फ इंगरसॉल यांनी जून १९४० मध्ये हे दैनिक काढले आणि जाहिरात अजिबात घ्यायची नाही असे ठरवले. इतर पत्रे दोन-तीन सेंटना मिळत असताना 'पीएम' पाच सेंटना विकले जाई. संघटित कामगारांच्या बातम्या तिथे सन्मानाने येत, आय. एफ. स्टोन यांच्यासारखे पत्रकार तिथे लिहीत. पण खप पुरेसा कधीच झाला नाही आणि तोटा मार्शल फील्ड या कोट्यधीशाच्या खिशातून भरला गेला. म्हणजे जाहिरातदार गेला तरी धनी राहिलाच. १९४६ साली फील्ड यांनी जाहिराती घ्यायचे ठरवले, तेव्हा इंगरसॉल बाहेर पडले. १९४८ साली पत्र मिटले. अलीकडे 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर' २०१६ साली एका सार्वजनिक न्यासाच्या मालकीखाली आणण्यात आले आणि 'सॉल्ट लेक ट्रिब्यून' २०१९ साली ना-नफा संस्था झाले. दोन्ही वेळा आरंभ एका श्रीमंताच्या सदिच्छेने झाला, हे नोंदवून ठेवावे. परंतु पत्र विकून खाण्याची वाट त्यामुळे बरीचशी बंद झाली, हेही.

मराठी पत्रसृष्टीला ही कल्पना परकी नाही. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेले आणि नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालवलेले 'दीनबंधु', किंवा शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या साह्याने १९२० साली निघालेले 'मूकनायक', यांचा जमाखर्च 'न्यूज टॉवर'च्या पटावर मांडला तर दोन्ही संपादक पहिल्या काही आठवड्यांतच बाद होतील. लोखंडे त्याच पत्राच्या बळावर गिरणी कामगारांची संघटना उभी करत होते. ही जमा कोणत्या रकान्यात धरायची, याचे उत्तर त्या पटावर नाही.

खेळाच्या कर्त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. करमणुकीची वस्तू त्यांनी नेटकी केली आहे, आणि तरुण कार्यकर्त्यांनी ती एकदा खेळून पाहायला हरकत नाही. फक्त खेळताना दोन गोष्टी पटावर कल्पनेने ठेवून पाहाव्यात: एक, मालकाला केव्हाही इमारत विकून चालते होण्याची मुभा, दुसरी, त्याला अडवून पत्र स्वतःकडे घेऊ पाहणारे तळमजल्यावरचे कामगार. १९३१ साली 'द वर्ल्ड'च्या नोकरांनी ते करून पाहिले होते. शिकागोच्या वार्ताहरांनी २०१८ साली संघटना बांधली आणि पुढे अल्डेनच्या हाती पत्र जाऊ नये म्हणून स्थानिक खरेदीदारासाठी दारोदार फिरले. तेही हरले. 'ट्रिब्यून'चा नदीकाठचा प्रचंड छापखाना २०२४ साली बंद झाला. ती जमीन एका जुगारघराच्या कंपनीने घेतली आहे.